अंताक्षरी अर्धा तास पुढे ढकला

प्रति,
क्रूझवर मराठी ग्रुप नेणाऱ्या सहल कंपन्यांचे चालक आणि त्यांचे टूर मॅनेजर

विषय : जहाज सुटण्याआधीचं सेफ्टी ड्रिल

मंडळी, नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. जहाज सुटण्याआधी जे सेफ्टी ड्रिल होतं, त्याला तुमच्या ग्रुपमधली बरीच मंडळी देहाने हजर आणि मनाने बुफेत असतात. काही तर देहानेही नसतात. यात त्यांना मी फारसा दोष देत नाही. तिकिटापासून जैन जेवणापर्यंत सगळं तुमच्यावर सोपवून ते घराबाहेर पडलेले असतात. तुम्ही ज्याला महत्त्व देता त्याला ते देतात, आणि ड्रिलला तुम्ही देत नाही.

हे सांगणारा मी कोण? क्रूझ जहाजांवर माझी नोकरी रेस्टॉरंटमध्ये होती, आता निवृत्त आहे. पण जहाजावर प्रत्येकाच्या नावावर दोन कामं असतात, एक पगाराचं आणि एक भोंगा वाजल्यावरचं. गाणारा जिन्यावर उभा राहून गर्दीला वाट दाखवतो, केबिन आवरणारा आपल्या पट्ट्यातली प्रत्येक खोली रिकामी झाली का ते बघतो. माझ्याकडे मस्टर स्टेशनवरची हजेरी होती. म्हणजे संकटाच्या वेळी ठरलेले प्रवासी ठरलेल्या जागी आले की नाहीत हे मोजायचं आणि वर कळवायचं. तुमचे टूर मॅनेजर मला तिथे भेटायचे, हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन.

तो गठ्ठा म्हणजे काय हे बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. कोविडनंतर बऱ्याच जहाजांवर सगळ्यांना एकदम उन्हात उभं करायची पद्धत गेली. आता सुरक्षेची फीत केबिनमधल्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर बघायची, मग आपल्या सोयीने मस्टर स्टेशनवर जायचं, तिथला माणूस कार्ड स्कॅन करतो, लाईफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतो, झालं. सोय चांगली आहे. पण सोय आली की तिच्यातून पळवाटही निघते. ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर निरोप पडतो, ‘सर्वांनी आपापली कार्डे माझ्याकडे द्यावीत, ड्रिलचे मी बघून घेतो. चार वाजता अंताक्षरी, सातव्या मजल्यावर.’ हा निरोप मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय. एका काकूंनीच मोठ्या कौतुकाने दाखवला, आमचा टूरचा मुलगा किती काळजी घेतो बघा म्हणून. मी गठ्ठा परत पाठवायचो तेव्हा तुमचा टूर मॅनेजर माझ्यावर चिडायचा. सीनियर लोक आहेत हो, कशाला चार जिने चढायला लावता, म्हणायचा.

ज्यांना चार जिने चढवत नाहीत, त्यांनीच तर ते जिने आधी एकदा बघून ठेवायला हवेत. भोंगा वाजल्यावर लिफ्ट वापरायची नसते.

आता १३ जानेवारी २०१२ या तारखेकडे या. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज त्या संध्याकाळी इटलीतल्या चिवितावेक्किया बंदरातून निघालं. जहाजावर ४,२२९ माणसं. रात्री पावणेदहाच्या सुमारास, निघून तीन तासही झाले नव्हते, जिल्यो बेटाच्या फार जवळून जाताना ते खडकावर घासलं आणि डाव्या बाजूला लांबलचक चीर पडली. त्या दिवशी चढलेले सुमारे सातशे प्रवासी होते. त्यांचं ड्रिल दुसऱ्या दिवशी ठेवलं होतं. यात नियमभंग नव्हता हे लक्षात घ्या. चढल्यापासून चोवीस तासांत ड्रिल घ्या, असाच तेव्हाचा नियम होता.

पुढे काय झालं ते चौकशीत बाहेर आलंच. दिवे गेले. प्रवाशांना सांगितलं गेलं की विजेचा बिघाड आहे, काळजीचं कारण नाही. काहींना केबिनमध्ये परत जायला सांगितलं. किनाऱ्यावरच्या यंत्रणेला पहिला सुगावा लागला तो जहाजावरून आलेल्या संदेशाने नव्हे. एका प्रवाशाने घरी फोन केला, घरच्यांनी पोलिसांना कळवलं, तेव्हा. जहाज सोडण्याचा हुकूम सुटला तो धडकेनंतर तासाभराहून जास्त वेळाने. जहाज वीस अंशांपर्यंत कललं तरी लाईफबोटी खाली सोडता आल्या पाहिजेत अशी त्यांची रचना असते. इथे जहाज त्यापलीकडे कलंडत गेलं आणि वर उचलल्या गेलेल्या बाजूच्या काही बोटी अडकून बसल्या. ३२ माणसं गेली. कप्तान फ्रांचेस्को स्केत्तिनो याला १६ वर्षांची शिक्षा झाली. जहाजावर सुमारे दोनशे भारतीय कर्मचारी होते. मेलेल्यांत एक वेटर आपल्या मुंबईकडचा होता, आणि त्याचे अवशेष सगळ्यांत शेवटी सापडले, २०१४ च्या नोव्हेंबरात, जिनोआच्या बंदरात जहाज मोडायला घेतलं तेव्हा.

वेटर होता, म्हणून तो माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचंही भोंग्यानंतरचं काहीतरी काम ठरलेलं असणार.

कप्तानाची चूक होती हे खरंच. पण अंधारात, तिरक्या झालेल्या मार्गिकेत, ज्याला आपली जमण्याची जागा कुठल्या मजल्यावर आहे हेच ठाऊक नाही, त्या माणसाला कप्तान कसाही असला तरी काय करता येणार? या अपघातानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ‘सोलास’ करारानुसार, म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, नव्याने चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या लगेच घ्यावं लागतं. तुमच्या अंताक्षरीच्या वेळेवर जे गदा आणतं ते हे ड्रिल, आणि ते असं आलंय.

आणखी एक आकडा सांगतो, तो टूर मॅनेजरांनी पाठच करावा. प्रवासी जहाजावरच्या सगळ्या लाईफबोटी आणि तराफे माणसांसकट तीस मिनिटांत पाण्यात उतरले पाहिजेत, असा नियम आहे. ऐकायला बरं वाटतं. पण ही तीस मिनिटं मोजायची कधीपासून? सगळे जमून, जॅकेटं घालून तयार झाल्यानंतर जहाज सोडण्याचा इशारा होतो, तिथपासून. जमायला जो वेळ लागतो तो यात धरलेलाच नाही. म्हणजे यंत्रं, दोर, बोटी, क्रू यांचा वेळ नियमाने बांधून दिलाय, आणि ‘अहो, आपलं स्टेशन सी की ई?’ यात जो जातो तो वेळ तुमच्या ग्रुपच्या हातात आहे. चाळीस जणांचा ग्रुप चुकीच्या जिन्यावर अडला तर मागचे चारशे थांबतात.

जिन्यावरून आठवलं. रामदास बोटीची गोष्ट कोकणात आणि गिरगाव-लालबागेत अजून सांगतात. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला तासन् तास पत्ताही नव्हता. म्हातारी माणसं ती गोष्ट सांगताना एक वाक्य हमखास सांगतात, पाणी आत आलं आणि सगळे एका बाजूला धावले. आजच्या एवढ्या मोठ्या क्रूझवर माणसं धावल्याने जहाज उलटणार नाही, पण धावाधाव तीच असते. ड्रिल हा त्या धावाधावीवरचा उपाय आहे.

आता भाषेचं बघा. सोलासमध्येच लिहिलंय की प्रवाशांना द्यायची सुरक्षेची माहिती त्यांना समजण्याची शक्यता असलेल्या एका किंवा अधिक भाषांत सांगावी, आणि केबिनमध्ये लावायच्या सूचना योग्य त्या भाषांत असाव्यात. परदेशी जहाजावर मराठी कोण बोलणार? मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवरही माझ्या पाहण्यात सगळा भर इंग्रजीवर, जमलं तर हिंदी. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या फेऱ्यांसाठी मराठी आणि गुजराती सक्तीची करावी, हे नौवहन महासंचालनालयाने करण्याचं काम आहे आणि ते कार्यालय मुंबईतच आहे. त्यांना वेगळं लिहीन. पण सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाला तो हुकूम लागू होणार नाही. तिथे मराठी बोलणारा एकच माणूस असतो, तुमचा टूर मॅनेजर. तोच कार्डं गोळा करत फिरत असेल तर झालंच.

एकदा डेकवर घोषणा झाली, ‘ब्राव्हो, ब्राव्हो, ब्राव्हो’ आणि पुढे जागेचं नाव. आपल्या ग्रुपमधल्या एका काकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, त्यांचं बघून आणखी चारपाच जणांनी. बऱ्याच जहाजांवर ब्राव्हो म्हणजे आगीचा सांकेतिक शब्द. सुदैवाने स्वयंपाकघरातला किरकोळ धूर होता. हे सांकेतिक शब्द प्रवाशांसाठी नसतातच, ते कळले नाहीत तरी चालतं; टाळ्या वाजवल्या म्हणूनही काही बिघडलं नाही. पण प्रवाशांसाठीचा जो इशारा आहे, सात आखूड भोंगे आणि एक लांब, तो काय असतो असं मी त्याच काकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘बोट सुटतानाचा असेल.’ सकाळीच ड्रिलला हजर असल्याची नोंद त्यांच्या नावावर होती. कोणी केली ते तुम्ही ओळखलंच.

सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगतो, कारण हे फक्त तुम्हीच करू शकता. संकटाच्या वेळी ज्यांना मदत लागेल अशा प्रवाशांची नोंद करून ती जहाज सुटण्याआधी कप्तानाकडे पोचली पाहिजे, असाही नियम आहे. त्या यादीवरून क्रूची माणसं नेमलेली असतात, कुठल्या केबिनमध्ये व्हीलचेअर न्यायची, कोणाला उचलून न्यायचं, कोणाला भोंगा ऐकू येणार नाही म्हणून दार ठोकायला जायचं. पण यादीत नाव यायला प्रवाशाने आधी सांगावं तर लागतं. आपली माणसं सांगत नाहीत. गुडघ्याची वाटी बदललीय हे बुकिंगच्या फॉर्मवर लिहिलं तर टूरला घेणार नाहीत, अशी त्यांना भीती असते. कानाचं यंत्र रात्री काढून ठेवतात हे तर कोणी विचारतच नाही. एक आजोबा होते, दिवसा काठी घेऊन ऐटीत फिरायचे. रात्री झोपेची गोळी घेतल्यावर त्यांना हलवून उठवायला त्यांच्या पत्नीला पाच-सात मिनिटं लागायची, हे मला त्यांनीच नाश्त्याच्या टेबलावर हसत हसत सांगितलं. मी रिसेप्शनला कळवलं. ते कळवायचं काम वेटरचं नव्हतं.

तुमच्या फॉर्मवर जेवण विचारतात, जैन, कांदा-लसूण चालतो का, उपास कुठला. खोलीत कोणाबरोबर राहणार ते विचारतात. त्याच्याच खाली तीन ओळी घाला. चार मजले जिन्याने चढता येतात का? रात्री यंत्राशिवाय ऐकू येतं का? झोपेची गोळी घेता का? आणि त्याच्या खाली ठळक लिहा, की या उत्तरांमुळे टूर नाकारली जाणार नाही. मग ती यादी जहाज कंपनीला पाठवा आणि पोचली का ते विचारा. पैसे लागत नाहीत याला.

ज्येष्ठांचं काय होतं ते २३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या किनाऱ्यावर दिसलं. वायकिंग स्काय नावाचं जहाज, बहुतेक प्रवासी उतारवयाचे, एकूण १,३७३ माणसं. वादळात इंजिनं बंद पडली, कारण टाकीत वंगणाचं तेल कमी होतं आणि जहाज हेलकावायला लागल्यावर इंजिनांपर्यंत ते पोचेना. जहाज खडकांच्या दिशेने वाहत गेलं. जिथे प्रवासी जमले होते तिथेच लाटेने पाणी आत घुसवलं, काही जण जखमी झाले. लाईफबोटी त्या समुद्रात उतरवणं शक्यच नव्हतं, म्हणून हेलिकॉप्टरने एकेक करून ४७९ माणसं उचलली. मग इंजिनं चालू झाली आणि उरलेल्यांसह जहाज बंदराला लागलं. कोणी मेलं नाही. शेकडो म्हातारी माणसं जॅकेट घालून, सांगितलेल्या जागी, तासन् तास बसून राहिली आणि एकेक करून वर गेली. बसून राहणं हेसुद्धा शिकवावं लागतं.

जॅकेटबद्दल थोडं. आपल्या बायका साडी किंवा ओढणीत असतात, आणि फितीत दाखवणारी मुलगी पँट-शर्टात. पदर मोकळा राहिला की पट्ट्याच्या कडीत अडकतो, मग सगळ्या मिळून तो सोडवत बसतात. पदर आधी कमरेला घट्ट खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, मग जॅकेट डोक्यातून घालून पट्टा कमरेभोवती ओढून कडी लावायची. हे एका काकूंना करून दाखवलं की बाकीच्या वीस आपोआप करतात, तुम्ही फक्त सुरुवात करून द्या. केबिनमध्ये असाल तर जॅकेट, गरम कपडा आणि रोजची औषधं घेऊन निघायचं. डेकवर किंवा थिएटरात असाल तर औषधांसाठी खोलीकडे परतायचं नाही, सरळ स्टेशनवर जायचं, जॅकेट तिथे मिळतं. औषधाच्या बाबतीत आपले लोक फार हळवे असतात, म्हणून हे दोनदा सांगा. नातवंडं बरोबर असतील तर ती मुलांच्या खोलीत खेळत असताना भोंगा झाला तर त्यांना कोण आणणार हेही विचारून ठेवा. बऱ्याच जहाजांवर मुलांच्या मनगटावर स्टेशनचं अक्षर लिहिलेली पट्टी बांधतात आणि क्रूच त्यांना तिथे आणतो. आजी-आजोबांनी उलट दिशेने मुलांना शोधत जिने उतरायचे नसतात.

‘एवढं आहे तर मग लाईफबोटीत बसवूनच दाखवा की’, असंही कोणी हुशार विचारतो. बोटी खाली-वर करणं हे धोक्याचं काम आहे. २०१३ मध्ये कॅनरी बेटांवरच्या ला पाल्मा बंदरात थॉमसन मॅजेस्टी जहाजाची बोट सरावातच दोर तुटून कोसळली आणि क्रूची पाच माणसं गेली. म्हणून प्रवाशांना स्टेशनपर्यंतच नेतात, पुढचा सराव क्रू करतो, आठवड्याच्या आठवड्याला. तुम्ही पूलमध्ये असता तेव्हा आम्ही हे करत असतो.

तुमचा एक आक्षेप मी बऱ्याचदा ऐकलाय, निघताना असलं अशुभ कशाला बोलायचं, लोक घाबरतात, पहिलाच दिवस खराब होतो. मला विचाराल तर घाबरतात ते न कळल्यामुळे. भोंगा वाजला की कुठे जायचं हे ठाऊक असलेली बाई रात्री जास्त शांत झोपते. आणि लोक काही इतके लेचेपेचे नाहीत. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. ८४ प्रवाशांच्या बोटीत शंभराहून जास्त माणसं होती, बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं, १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. सक्तीच्या पहिल्या दिवसांत मी मुद्दाम जाऊन आलो. एकही माणूस अपशकुन झाला म्हणून परत फिरला नाही. कुरकुर होती ती जॅकेटला घामाचा वास येतो एवढीच, आणि ती रास्त होती.

म्हणून मागणं थोडं आहे. ड्रिलची वेळ छापील कार्यक्रमपत्रिकेत घाला, चहा आणि अंताक्षरीच्या वर, ठळक. त्या अर्ध्या तासात ग्रुपचा दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. कार्डं गोळा करू नका. विमानतळावर चेक-इनच्या रांगेत तुमचा मॅनेजर तासभर उभाच असतो, तेव्हा त्याने मराठीत पाच मिनिटं बोलावं. जहाजावर पोचल्यावर रिसेप्शनला विचारावं, क्रूमध्ये मराठी किंवा कोकणी बोलणारं कोणी आहे का. गोवा, वसई, रत्नागिरीकडचं कोणी ना कोणी सापडतंच. त्याला आपल्या ग्रुपच्या स्टेशनवर दहा मिनिटं पाठवा म्हणावं. पाठवतात. मला पाठवायचे.

पुढचा हंगाम दिवाळीच्या सुट्टीत सुरू होतो. केबिनच्या दारामागे चिकटवता येईल असा एका पानाचा मराठी तक्ता मी करून ठेवलाय, साडीवरच्या जॅकेटच्या चित्रासह. तुमचा फॉर्म छापायला जाण्याआधी मागून घ्या, फुकट आहे. अक्षर मोठं ठेवलंय, चष्मा नसला तरी वाचता येईल.

आपला,
मस्टर स्टेशनवरचा एक निवृत्त हजेरीवाला